छत्रपती शिवाजी महाराज : कल्याणचे बंदर, आरमार आणि राज्यकारभाराची भाषा

राजाचे मोठेपण केवळ जिंकलेल्या लढायांवर मोजता येत नाही. त्याने कोणत्या संस्था उभ्या केल्या आणि त्याच्या पश्चात त्या कितपत टिकल्या, हेही पाहावे लागते. प्रस्तुत पाठात शिवाजी महाराजांच्या चरित्राचा विचार याच दृष्टीने करावयाचा आहे.

महाराजांचा जन्म १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवनेरीवर झाला. आज ठाणे जिल्ह्यात असलेल्या माहुली किल्ल्यावर १६३६ मध्ये शहाजीराजांना निजामशाही वाचवण्याचा अखेरचा प्रयत्न सोडून द्यावा लागला. पुढे २१ वर्षांनी, ऑक्टोबर १६५७ मध्ये, महाराजांनी कल्याण आणि भिवंडी आदिलशाहीकडून जिंकून घेतली. उल्हास नदीच्या खाडीवरील कल्याण हे प्राचीन काळापासून व्यापारी बंदर होते. ते हाती येताच स्वराज्याला समुद्राची वाट मिळाली.

ही वाट मोकळी मात्र नव्हती. ठाणे आणि वसई पोर्तुगिजांच्या ताब्यात होती व जंजिऱ्यावर सिद्दी होता. समुद्रावर सत्ता नसेल तर किनाऱ्यावरील रयतेचे रक्षण करता येणार नाही, हे ओळखून महाराजांनी कल्याण-भिवंडी परिसरात जहाजबांधणी सुरू केली. कल्याणचा दुर्गाडी किल्ला या आरंभाचे स्थान मानला जातो. कामावर घेतलेले पोर्तुगीज कारागीर पुढे आपल्या सत्ताधीशांच्या सांगण्यावरून काम सोडून निघून गेले, तरी आरमाराची उभारणी थांबली नाही. १६६१ मध्ये कल्याण मोगलांनी घेतले. १६६५ च्या पुरंदरच्या तहात २३ किल्ले द्यावे लागले व त्यांत माहुलीही होता. पाच वर्षांनी, १६७० मध्ये, तो परत मिळवण्यात आला. गेलेले पुन्हा मिळवण्याची ही चिकाटी महाराजांच्या नेतृत्वाचा गाभा होय.

कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची कथा सर्वश्रुत आहे; परंतु तिला समकालीन कागदपत्रांचा आधार मिळत नाही. अभ्यासकाने आख्यायिका आणि पुरावा यांत भेद केला पाहिजे. तसे केल्याने महाराजांची थोरवी उणावत नाही. त्यांच्यावर कठोर टीका करणाऱ्या खाफीखान या मोगल इतिहासकारानेही स्त्रियांच्या सन्मानाविषयीचे त्यांचे धोरण नोंदवून ठेवले आहे. विरोधकाची ही साक्ष कथेहून अधिक मोलाची ठरते.

महाराजांची प्रशासकीय दृष्टी त्यांच्या पत्रांतून दिसते. पद्मदुर्गावरील आरमाराला वेळेवर रसद न पोहोचवणाऱ्या जिवाजी विनायक या सुभेदाराला त्यांनी १६७५ मध्ये कडक शब्दांत जाब विचारला. १६७६ मध्ये प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना गावोगाव फिरण्याची, ज्यांच्याकडे बैल किंवा बियाणे नाही त्यांना ते पुरवण्याची आणि दिलेली रक्कम ऐपतीप्रमाणे हळूहळू वसूल करण्याची आज्ञा केली. रयत उभी राहिली तरच राज्य उभे राहते, हा या आज्ञेमागील विचार आहे.

६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला. पेशवा, मुजुमदार, डबीर या पदांना मुख्य प्रधान, अमात्य, सुमंत अशी नावे देण्यात आली. राज्यव्यवहारकोशात फारसी शब्दांना संस्कृत पर्याय सुचवण्यात आले. येथे कोरियाच्या सेजोंग राजाचे स्मरण होते. त्याने १४४६ मध्ये सामान्य प्रजेला सहज शिकता येईल अशी नवी लिपी जाहीर केली. दोघांनीही भाषेला राज्यकारभाराचा विषय मानले. मात्र सेजोंगचा भर प्रजेच्या साक्षरतेवर, तर महाराजांचा भर स्वतंत्र राज्याच्या ओळखीवर होता. कोशातील सर्वच शब्द रूढ झाले नाहीत. मुख्य प्रधानाला लोक पुढेही पेशवाच म्हणत राहिले. तरीही मंत्री आणि सचिव हे अष्टप्रधानांतील शब्द आजच्या शासनव्यवहारात आहेत.

३ एप्रिल १६८० रोजी महाराजांचे निधन झाले. त्यानंतर मोगलांशी दीर्घ संघर्ष झाला, रायगडही पडला. परंतु राज्य संपले नाही. ते केवळ एका व्यक्तीच्या पराक्रमावर उभे नव्हते, हेच त्यातून सिद्ध होते.

स्वाध्याय : आपल्या गावातील किंवा शहरातील शासकीय कार्यालयांत आढळणारे पाच पदवाचक शब्द निवडून त्यांचे मूळ फारसी, संस्कृत की इंग्रजी, ते शोधा.