नामदार गोखले आणि गावचा कारभार

सुरतेत नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे नाव निघाले की तापीकाठच्या फ्रेंच गार्डनमधील काँग्रेसचा मांडव आठवतो. २७ डिसेंबर १९०७ रोजी त्या मांडवात जोडा फेकला गेला, खुर्च्या उडाल्या आणि जहाल व मवाळ यांची फारकत झाली. लोकमान्य टिळकांच्या अंगावर माणसे धावून येत असता त्यांच्या रक्षणासाठी दोन्ही हात पसरून उभे राहिले ते त्यांचे प्रतिस्पर्धी गोखलेच. ही हकीकत पुष्कळांनी लिहिली आहे. परंतु त्यानंतर तीन महिन्यांच्या आत याच गृहस्थांनी खेड्याच्या पंचायतीत किती सभासद असावेत याचा तपशील सरकारी आयोगापुढे मांडला, हे फारसे कोणाच्या ध्यानात नसते.

९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे जन्मलेल्या गोखल्यांनी १८८४ मध्ये पदवी घेतली आणि पुढे १९०२ पर्यंत डेक्कन एज्युकेशन सोसायटीत अध्यापन केले. न्यायमूर्ती रानड्यांच्या हाताखाली अर्थशास्त्राचे आणि आकडेवारीचे धडे त्यांनी गिरविले. पुण्यातील प्लेगच्या दिवसांत त्यांनी स्वयंसेवक म्हणूनही काम केले. पुढे पुणे नगरपालिकेचे अध्यक्षपदही काही काळ त्यांच्याकडे होते.

आपल्या सुरतेशी त्यांचा संबंध काँग्रेसच्याही आधीचा आहे, तो कायद्याच्या द्वारे. ज्या नगरपालिकेस येथे ‘सुधराई’ म्हणत, ती १८५० च्या कायद्यान्वये १८५२ मध्ये स्थापन झाली. त्या काळी नगरपालिकांत कलेक्टरसाहेबांचा शब्द हाच ठराव असे. लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या धोरणानंतर १८८४ मध्ये मुंबई इलाख्यात नवा कायदा झाला आणि लोकनियुक्त सभासदांस खरी जागा मिळाली. जकात व घरपट्टी यांवर दिवाबत्ती, रस्ते, पाणी, झाडलोट आणि शाळा चालवावयाच्या, असा हा संसार होता. १९०१ मध्ये या कायद्याची फेररचना मुंबई कायदेमंडळापुढे आली तेव्हा गोखले तेथे सभासद होते. जातीजमातींच्या नावे जागा राखून ठेवण्याच्या कल्पनेस त्यांनी त्या वेळी विरोध केला. नगरसभेत माणसाने नागरिक म्हणून यावे, अशी त्यांची धारणा होती. १९०९ च्या सुधारणांत मात्र मुसलमानांच्या स्वतंत्र मतदारसंघांस त्यांनी संमती दिली. ही तडजोड त्यांच्या पूर्वीच्या भूमिकेशी जुळत नाही, असे त्यांच्याविषयी पूर्ण आदर बाळगूनही म्हणावे लागते.

मार्च १९०८ मध्ये विकेंद्रीकरण आयोगापुढे मुंबईस त्यांची साक्ष झाली. पाचशे व त्याहून अधिक वस्तीच्या प्रत्येक गावी पाच किंवा सात जणांची पंचायत कायद्याने स्थापावी आणि लहान गावे एकत्र जोडावीत. बारीकसारीक दावे, आरोग्य आणि गावातील बांधकामे तिच्याकडे द्यावीत. कलेक्टरास सल्ला देण्यासाठी जिल्ह्यात एक मंडळ असावे, हीही त्यांची सूचना होती. सचिवालयातून हुकूम निघतो, तो गावापर्यंत पोहोचतो. परंतु गावाचे म्हणणे उलट दिशेने वर जात नाही, हे त्यांचे मूळ दुखणे होते.

पैशाविना अधिकार म्हणजे पोकळ डामडौल, हे तालुका बोर्डांच्या तुटपुंज्या उत्पन्नावरून त्यांना पुरते उमगले होते. म्हणूनच लॉर्ड विलिंग्डन यांच्या सूचनेवरून मृत्यूपूर्वी लिहिलेल्या टिपणात त्यांनी अबकारी उत्पन्नाचा काही हिस्सा या संस्थांस मिळावा, असे सुचविले. शहरांच्या नगरपालिका व तालुका बोर्डे संपूर्ण लोकनियुक्त असावीत, हाही त्यात आग्रह होता. जिल्हा बोर्डाचे अध्यक्षपद मात्र त्यांनी कलेक्टराकडेच ठेवले. एवढा विस्तृत प्रदेश बिनपगारी मंडळींनी सांभाळावयाचा, हे त्यांना व्यवहार्य वाटेना. आजच्या वाचकास हा भित्रेपणा वाटेल. परंतु बैलगाडीच्या त्या दिवसांत बोर्डाच्या सभेस जिल्ह्याच्या टोकाहून येणाऱ्या सभासदाचे दोन-तीन दिवस सहज मोडत असतील, हेही लक्षात घ्यावयास हवे.

१९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाची पन्नाशीही न गाठता, पुण्यात गोखल्यांचे देहावसान झाले. ते टिपण १९१७ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या कायद्याच्या चर्चेत त्यांनी भाग घेतला होता, त्याच १९०१ च्या कायद्याखाली सुरतेची सुधराई त्या वेळीही कारभार करीत होती.