मुलांचे मित्र : संत डॉन बॉस्को

३१ जानेवारी हा संत डॉन बॉस्को ह्यांचा सण. १८१५ साली इटलीत जन्मलेले हे संत दोन वर्षांचे होण्याआधीच पितृछत्राला मुकले. ते १८४१ साली धर्मगुरू झाले. त्याच वर्षी ८ डिसेंबरला ट्युरिनमधील एका चर्चमध्ये, मिस्साला सेवा करता येत नाही म्हणून एका अनाथ मुलाला चर्चच्या सेवकाने मारून हाकलले. डॉन बॉस्कोंनी त्याला परत बोलावले. त्याला ना वाचता येत होते, ना गाता. शीळ तरी घालता येते का, असे विचारताच तो हसला! त्या भेटीतून पुढे हजारो मुलांना आधार मिळाला. विवेक, श्रद्धा आणि माया ही त्यांची त्रिसूत्री. आपल्या घरातले मूल अबोल झाले, तर रागावण्याआधी आपण त्याच्याजवळ बसू या. गरज वाटल्यास न लाजता समुपदेशकाकडे नेऊ या.