नियोगींचा लढा आणि कायम नोकरीची सीमारेषा

भिलाईच्या सेक्टर ६ मधील क्वार्टर हा केवळ निवारा नव्हता. सोव्हिएत साह्याने उभ्या राहिलेल्या पोलाद कारखान्यातील कायम नोकरीचा तो पुरावा होता. कारखान्याची शाळा, रुग्णालय आणि निवृत्तीपर्यंतची निश्चिंती या नोकरीबरोबरच येई. मात्र, भट्ट्यांना लागणारे लोहखनिज दल्ली राजहराच्या खाणींत हाताने फोडणारे मजूर ठेकेदाराचे होते. या दोन जगांमधील सीमारेषेलाच शंकर गुहा नियोगी यांनी आव्हान दिले.

१९४३ मध्ये जन्मलेले नियोगी मूळचे धीरेश. बंगालमधील विद्यार्थी चळवळीतून आलेला हा तरुण साठच्या दशकात भिलाईच्या कोक ओव्हन विभागात कामाला लागला. कामगारांना संघटित केल्याबद्दल त्याला बडतर्फ करण्यात आले. सार्वजनिक क्षेत्रातील नोकरीही अभेद्य नसते, याचा हा स्वानुभव होता. पुढे त्यांनी नाव बदलले, दानीटोलाच्या खाणीत मजुरी केली आणि तेथील श्रमिक आशा यांच्याशी विवाह केला. आणीबाणीत त्यांना तुरुंगवास घडला.

१९७७ मध्ये बोनसच्या करारात कायम कामगारांना ३०८ रुपये आणि ठेका मजुरांना अवघे ७० रुपये देऊ केले गेले. मान्यताप्राप्त संघटनांनी केलेला हा करार झुगारून मजुरांनी नियोगी यांच्या नेतृत्वाखाली ‘छत्तीसगढ माइन्स श्रमिक संघ’ स्थापला. त्याच वर्षी जूनमध्ये पोलिस गोळीबारात अकरा जणांचा बळी गेला. त्या हुतात्म्यांच्या स्मरणार्थ १९८३ मध्ये मजुरांच्या श्रमातून व वर्गणीतून शहीद रुग्णालय उभे राहिले.

खाणींच्या संपूर्ण यांत्रिकीकरणाने हजारो हात रिकामे होणार, हे दिसताच नियोगी यांनी केवळ विरोध केला नाही, तर अर्ध-यांत्रिकीकरणाचा पर्याय मांडला. यंत्र यावे, पण माणूस हटू नये, हे त्यामागील सूत्र होते. १९९० पासून त्यांनी भिलाईच्या खासगी कारखान्यांतील ठेका कामगारांना संघटित केले. २८ सप्टेंबर १९९१ रोजी पहाटे, भिलाईतील घरी झोपेत असताना त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये मारेकऱ्याला जन्मठेप दिली. आरोपी उद्योगपती मात्र निर्दोष सुटले.

त्याआधी, २००१ मध्ये, भिलाई कारखान्याची मालक असलेल्या स्टील अथॉरिटीच्याच खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला होता, की ठेका पद्धत रद्द झाली म्हणून मजूर आपोआप कायम होत नाही. दरम्यान स्वेच्छानिवृत्ती योजनांनी कायम कामगारांची संख्याही घटवली. कायम नोकरी भिंती उभारून टिकत नाही. भिंतीबाहेरचा मजूर असुरक्षित राहिला, की आतल्याची जागाही त्याच्याच दराने भरली जाते. मान्यताप्राप्त संघटनांना हे उशिरा उमगले. बडतर्फ झालेल्या एका कामगाराने ते फार आधी ओळखले होते.