जगप्रवासी इब्न बतूता

प्रवासी अनेक प्रकारचे असतात. व्यापारी नफ्यासाठी हिंडतो. यात्रेकरू पवित्र स्थळी जातो आणि परत येतो. राजदूत मोठा लवाजमा घेऊन निघतो. हौशी पर्यटक सगळी सोय आधी करून ठेवतो आणि ठरलेल्या दिवशी घरी पोहोचतो. पण या सर्वांहून वेगळा असाही एक प्रवासी असतो. त्याच्या पाठीवर एक सॅक असते आणि खिशात थोडेसे पैसे असतात. तो मिळेल त्या वाहनाने जातो, साध्या ठिकाणी उतरतो, तिथल्या लोकांत मिसळतो. पुढचा मुक्काम तो वाटेतच ठरवतो. पाठीवरची सॅक नवी असेल, पण प्रवासाची ही रीत फार जुनी आहे. सुमारे सातशे वर्षांपूर्वी याच रीतीने एक तरुण घराबाहेर पडला. त्याचे नाव इब्न बतूता.

इब्न बतूताचा जन्म १३०४ मध्ये मोरोक्को देशातील तंजा या शहरी झाला. त्याच्या घराण्यात अनेक काझी होऊन गेले होते. १३२५ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तो हजसाठी एकटाच निघाला. आईवडिलांना सोडताना त्याला फार दुःख झाले.

सुरुवातीचा प्रवास खडतर होता. वाटेत त्याला ताप आला. रस्त्यावर लुटारूंचे भय होते. एका सोबत्याने त्याला आपले जनावर व जड सामान विकून टाकण्याचा सल्ला दिला. ओझे कमी असले तर भरभर चालता येईल, हे त्याला पटले. अशक्तपणामुळे खाली पडू नये म्हणून त्याने पागोट्याच्या कापडाने स्वतःला खोगिराला बांधून घेतले. पण तो थांबला नाही. ट्युनिस शहरात पोहोचल्यावर लोक एकमेकांना भेटू लागले. त्याची मात्र कोणी विचारपूस केली नाही. त्याला रडू कोसळले. ते पाहून एक यात्रेकरू जवळ आला आणि त्याने त्याला धीर दिला.

१३२६ मध्ये त्याने हज केला. तो घरी परतला असता, तर केवळ यात्रेकरू ठरला असता. पण त्याला जग पाहण्याची ओढ लागली होती. शक्यतो एका रस्त्याने दुसऱ्यांदा जायचे नाही, असा त्याने नियम केला. इराक, इराण, आफ्रिकेचा पूर्व किनारा असे देश तो पाहत गेला. तो बहुधा मशिदीजवळच्या मदरशात किंवा सूफी खानकाहमध्ये उतरे. तेथे मुसाफिरांना जेवण व निवारा मिळे.

आजच्या तुर्कस्तानात एकदा गंमत झाली. बाजारातून जाताना काही माणसांनी त्याच्या घोड्याचा लगाम धरला. दुसरे लोक त्यांच्याशी भांडू लागले. सुरे निघाले. इब्न बतूताला तुर्की भाषा येत नव्हती. हे लुटारू असावेत, असे वाटून तो घाबरला. मग अरबी जाणणाऱ्या एकाने उलगडा केला. पाहुण्याला आपल्याकडे कोणी न्यायचे, यावरून ते भांडण होते! शेवटी चिठ्ठ्या टाकून वाद मिटला.

१३३३ मध्ये तो सिंधू नदीकाठी आला. दिल्लीत सुलतान मुहम्मद बिन तुघलकाने त्याला काझी नेमले. वर्षाला बारा हजार दिनार पगार ठरला. आता त्याला कशाचीही ददात नव्हती. पण खर्च वाढला, कर्ज झाले. पुढे सुलतानाची मर्जी फिरली आणि जिवाची धास्ती वाटू लागली. तेव्हा त्याने सर्वस्व वाटून टाकले व फकिराचे जीवन पत्करले.

काही काळाने सुलतानाने त्याला राजदूत म्हणून चीनला पाठवले. रक्षणासाठी हजार घोडेस्वार होते. तरीही अलीगढजवळ लुटारूंनी त्याला पकडले. सुटका झाल्यावर तो आठवडाभर उपाशीपोटी रानात भटकला. अखेर एका अनोळखी माणसाने त्याला पाणी पाजले, भाजलेले हरभरे दिले आणि खांद्यावर बसवून गावापर्यंत नेले. जे हजार स्वारांना जमले नाही, ते एका वाटसरूने केले.

पुढे तो दौलताबादला आला. तेथील किल्ला, द्राक्षे आणि डाळिंबे यांचे त्याने वर्णन केले आहे. नंदुरबारचे मराठे कुशल कारागीर, वैद्य व ज्योतिषी आहेत, असेही त्याने नोंदवले. कालिकतला मात्र वादळात जहाज बुडाले आणि सुलतानाच्या भेटवस्तू गेल्या. तो किनाऱ्यावर होता म्हणून वाचला. त्याच्याजवळ दहा दिनार आणि अंथरायचा एक गालिचा उरला. तरीही मालदीव, श्रीलंका असे करत तो चीनपर्यंत गेला.

या प्रवासाची किंमतही मोठी होती. १३४८ मध्ये दमास्कसला त्याला कळले, की वडील पंधरा वर्षांपूर्वीच वारले. १३४९ मध्ये तो मायदेशी आला, तेव्हा प्लेगच्या साथीने आईही गेली होती. त्याला फक्त तिची कबर पाहता आली.

यानंतर त्याने स्पेन आणि आफ्रिकेतील माली हे देश पाहिले. त्याचा एकूण प्रवास सुमारे १ लाख २० हजार किलोमीटर झाला असावा. मोरोक्कोच्या सुलतानाच्या आज्ञेने त्याने सारा वृत्तांत सांगितला आणि इब्न जुज़ई या लेखकाने तो लिहून काढला. १३५५ मध्ये ग्रंथ पुरा झाला. त्यातील काही भागांविषयी अभ्यासकांना शंका आहे. पण त्या काळाचे इतके विस्तृत चित्र क्वचितच दुसरीकडे सापडते.

इब्न बतूता यात्रेकरू होता, काझी होता, राजदूतही होता. पण पदे गेली, धन गेले, जहाजे बुडाली. उरला तो हलक्या ओझ्याने चालणारा आणि अनोळखी माणसांवर विश्वास ठेवणारा प्रवासी. जगाला आज तोच आठवतो.