भदन्त युआन श्वांग

चामटोलीच्या वर्गात हर्षवर्धन शिकवताना युआन श्वांग आम्ही एका ओळीत उरकतो. जुन्या पुस्तकांतले ह्युएनत्संग ते हेच. इ.स. 629 च्या सुमारास, सीमा ओलांडण्यास बंदी असतानाही, हे तरुण चिनी भिक्खू धम्मग्रंथांच्या शोधात निघाले. गोबीच्या वाळवंटात पाण्याची पखाल सांडली. काही दिवस थेंबही मिळाला नाही. तरी ते पुढेच चालत राहिले. समरकंद, बामियान, काश्मीर करीत ते नालंदेस पोहोचले आणि वयोवृद्ध आचार्य शीलभद्रांचे विद्यार्थी झाले.

पुढे ते दुसऱ्या पुलकेशीच्या महाराष्ट्रात आले. येथील माणसे ताठ, उपकार स्मरणारी व अपमान न विसरणारी, असे त्यांनी नोंदवले. शंभराहून अधिक विहार आणि सुमारे 5000 भिक्खू येथे होते, हेही लिहिले. 1956 साली धम्म स्वीकारणाऱ्या आमच्या वडीलधाऱ्यांपैकी कितीजणांना ही नोंद ठाऊक होती? ते परक्या घरी जात नव्हते, स्वतःच्याच घरी परतत होते.

645 साली 657 ग्रंथ घेऊन भदन्त मायदेशी पोहोचले. सिंधू ओलांडताना काही पोथ्या वाहून गेल्या होत्या. त्यांची यादी त्यांनी पुढे पत्राने भारतात धाडली. 664 साली निधन होईपर्यंत ते भाषांतरच करीत होते.