विल्यम पेली आणि माळावरचे घड्याळ

माळावरून चालताना पायास दगड लागला, तर तो तेथे कसा आला याचा कोणी विचार करीत नाही. परंतु तेथेच घड्याळ पडलेले आढळले, तर ते कोणीतरी घडविले असले पाहिजे असे कोणीही म्हणेल. हा दृष्टान्त आपल्या उपदेशकांपैकी पुष्कळांनी गावोगावी सांगितला असेल. ज्यांच्या ग्रंथामुळे तो देशोदेशी पसरला, त्या विल्यम पेली साहेबांचे चरित्र मात्र थोड्यांसच ठाऊक आहे.

त्यांचा जन्म इ. स. १७४३ साली इंग्लंडातील पीटरबरो शहरी झाला. वडील पाळक असून पुढे यॉर्कशायरातील गिगल्सविक गावच्या शाळेचे मुख्य गुरुजी झाले, व विल्यमचे बालपण तेथेच गेले. केंब्रिज येथील क्राइस्ट्स कॉलेजात शिकून १७६३ साली ते गणिताच्या परीक्षेत सर्वांत पहिले आले. काही वर्षे तेथेच अध्यापन केल्यावर १७७६ साली त्यांनी विवाह केला व उत्तर इंग्लंडातील खेड्यांत पाळकपण पत्करले. १७८२ साली ते कार्लाइलचे आर्चडीकन झाले. मासे धरण्याचा त्यांस मोठा नाद होता. रॉम्नी नामक चित्रकाराने काढलेल्या चित्रात त्यांच्या हाती गळाची काठीच आहे! परंतु १७९२ साली कार्लाइल येथे गुलामांच्या व्यापाराविरुद्ध सभा भरली, तेव्हा बोलावयास उभे राहणाऱ्यांत हेच साहेब होते. पौलाची पत्रे व प्रेषितांची कृत्ये यांचा नकळत कसा मेळ बसतो हे दाखविणारा त्यांचा १७९० सालचा ग्रंथ आजही उपदेशकांच्या उपयोगी पडेल.

इ. स. १८०० च्या सुमारास पोटाच्या दारुण व्याधीने त्यांस गाठले. उपासना चालविणे अशक्य झाले. तेव्हा डरहॅमच्या बिशपांच्या सूचनेवरून त्यांनी लेखणी हाती घेतली, व १८०२ साली सृष्टीवरून देवाचे अस्तित्व दाखविणारा त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ छापून निघाला. घड्याळाचा दृष्टान्त त्यांच्यापूर्वीही इतरांनी वापरला होता. परंतु त्याच्या जोडीस त्यांनी शरीरातील पुष्कळ उदाहरणे मांडली. माशाच्या डोळ्यातील भिंग आपल्या भिंगाहून अधिक गोल असते, कारण पाण्यातून येणारा प्रकाश वळविण्यास तसेच भिंग लागते. आपण घास गिळतो तेव्हा घशातील पडदा श्वासनलिका झाकतो. अशा गोष्टी त्यांनी पानोपानी वर्णिल्या आहेत.

हे सारे लिहिणाऱ्याचे स्वतःचे शरीर मात्र बिघडलेले होते, हे विसरू नये. ते म्हणत की, घड्याळ कधी चुकले म्हणून त्यास कर्ता नाही असे ठरत नाही. दात खाण्यासाठी केले आहेत, दुखण्यासाठी नव्हे. आणि वेदना थांबल्यावर लाभणारे सुख इतर सुखांत क्वचितच सापडते. हे शब्द निरोगी मनुष्याने लिहिले असते, तर ते आम्हांस कठोर वाटले असते.

पुढे १८२८ साली त्याच क्राइस्ट्स कॉलेजात चार्ल्स डार्विन नावाचा तरुण आला. त्याने पेली साहेबांचे ग्रंथ मोठ्या आवडीने वाचले. पण १८५९ साली त्यानेच दाखविले की, संततीत आढळणाऱ्या बारीक फरकांपैकी जे उपयोगी ते टिकून राहतात, आणि युगानुयुगे असे होत होत डोळ्यासारखे अवयवही बनू शकतात. पेलींचा जुना पुरावा आता टिकत नाही, असे त्याचे मत झाले. आज शास्त्रज्ञ, व त्यांत अनेक ख्रिस्ती शास्त्रज्ञही, डार्विनचे हे म्हणणे स्वीकारतात. तेव्हा शाळेत शिकलेल्या तरुणापुढे केवळ डोळ्याचे उदाहरण ठेवून वाद जिंकू पाहणारा उपदेशक स्वतःच निरुत्तर होईल. मीही तरुणपणी असाच निरुत्तर झालो होतो.

तरी पेली साहेबांच्या ग्रंथातील एक भाग सहसा कोणी वाचीत नाही. घड्याळातून दुसरे घड्याळ उपजते अशी कल्पना त्यांनी केली, व तसे असले तर कर्त्याचे कौशल्य अधिकच मोठे ठरेल असे म्हटले. नियम आहे म्हटल्याने कर्त्याची गरज सरत नाही. त्या नियमाने काम चालविणारा कोणी असावाच लागतो, असेही ते लिहितात. डार्विनने नियम दाखविला. सृष्टीत नियम मुळात का आहे हा प्रश्न माझ्या मते तसाच उभा आहे, आणि त्याचे उत्तर भिंगाने पाहून मिळणारे नाही.

पेली साहेब हा वाद पाहण्यास राहिले नव्हते. २५ मे १८०५ रोजी बिशपवेअरमथ येथे ते निवर्तले, व कार्लाइलच्या कॅथीड्रलात त्यांच्या पहिल्या पत्नीशेजारी त्यांस पुरण्यात आले.