हिज्कीया राजाचे चरित्र व त्यापासून घ्यावयाचा बोध

देवळाच्या ज्युबिलीच्या मंगल प्रसंगी परमेश्वराचे उपकार स्मरावे, पूर्वजांच्या श्रद्धेस वंदन करावे आणि पुढील पिढीचा विचार मनात आणावा, हे आपणां सर्वांचे कर्तव्य होय. ह्या तिन्ही गोष्टींचा बोध ज्याच्या चरित्रात एकत्र सापडतो, असा एक पुरुष जुन्या करारात आहे. तो यहूदाचा राजा हिज्कीया. दावीद व शलमोन ह्यांच्या कथा आपल्या मुलाबाळांनाही ठाऊक असतात; हिज्कीयाचे नाव त्या मानाने कमी कानी पडते. यास्तव त्याची हकिकत वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

हिज्कीयाचा बाप आहाज हा देवाला विसरलेला राजा होता. त्याने परकीय दैवतांच्या वेद्या उभारिल्या, आपल्या पोटच्या पोराचा अग्नीत होम केला आणि अखेरीस परमेश्वराच्या मंदिराचे दरवाजे बंद करून टाकिले. अशा घरात हिज्कीया वाढला. बाप असा होता म्हणून मी असा, ही सबब त्याला सहज सांगता आली असती. पण ती त्याने सांगितली नाही. पंचविसाव्या वर्षी तो गादीवर बसला आणि पहिल्याच वर्षाच्या पहिल्याच महिन्यात त्याने मंदिराचे दरवाजे उघडून त्यांची डागडुजी केली. याजक व लेवी ह्यांनी सोळा दिवस खपून आतील सारी घाण किद्रोन ओहोळात नेऊन टाकिली. मग नगरात पुन्हा स्तुतिगीते दुमदुमू लागली.

त्यानंतर त्याने वल्हांडण सणाचे आमंत्रण उत्तरेकडील दुरावलेल्या बांधवांसही धाडिले. पुष्कळांनी त्याच्या जासुदांची थट्टा केली. तथापि काही जण नम्र होऊन आले. आलेल्यांपैकी अनेकांची विधिपूर्वक शुद्धी झालेली नव्हती. राजाने त्यांना दारातून परत लाविले नाही. त्यांच्याकरिता स्वतः प्रार्थना केली आणि परमेश्वराने ती ऐकिली. दुरावलेल्यास बोलाविणे आणि आलेल्यास सांभाळून घेणे, हे देवाच्या घराचे खरे वैभव होय.

आणखी एक धाडसाचे काम त्याने केले. मोशेने अरण्यात केलेला पितळेचा सर्प लोकांनी शेकडो वर्षे जतन करून ठेविला होता. पुढे पुढे ते त्यालाच धूप जाळू लागले. राजाने तो फोडून टाकिला. वस्तू पवित्र होती, तिची आज्ञा खुद्द देवाची होती. परंतु खूण दाखविते त्याचा विसर पडून खूणच देव होऊन बसली, तेव्हा ती दूर करणे भाग पडले. पूर्वजांच्या ठेव्याचा मान राखावा, पण तो ठेवा ज्याच्याकडे बोट दाखवितो, त्याच्यावरून दृष्टी ढळू देऊ नये.

आता संकटाची गोष्ट ऐकावी. अश्शूरच्या बलाढ्य राज्याने इ. स. पू. ७२२ च्या सुमारास शोमरोन घेऊन उत्तरेचे राज्य बुडविले. पुढे इ. स. पू. ७०१ मध्ये सन्हेरीब राजा यहूदावर चालून आला. लंडन येथील ब्रिटिश संग्रहालयात त्याचा भाजलेल्या मातीचा सहा बाजूंचा लेख आहे. त्यात आपण यहूदाची ४६ तटबंदीची नगरे घेतली आणि हिज्कीयाला पिंजऱ्यातील पाखराप्रमाणे यरुशलेमेत कोंडिले, अशी प्रौढी त्याने मिरविली आहे. हिज्कीयाचा धीर प्रथम खचला. त्याने ३०० किक्कार रुपे व ३० किक्कार सोने खंडणी म्हणून देण्याचे कबूल केले आणि त्यासाठी मंदिराच्या दरवाजांवरील सोनेही खरवडून काढिले. जे दरवाजे त्याने उघडिले, त्यांनाच त्याने उघडे केले! तरीही शत्रू परतला नाही.

तथापि राजा हात जोडून नुसता बसला नव्हता. वेढ्यात पाणी तुटू नये म्हणून त्याने गीहोन झऱ्याचे पाणी खडकातून नगराच्या आत आणिले. सुमारे ५३३ मीटर लांबीचा तो बोगदा आजही यरुशलेमेत आहे. कामगारांच्या दोन टोळ्या दोन्ही टोकांकडून खोदीत आल्या आणि एकमेकांच्या हाका ऐकू येता येता मध्ये भेटल्या, असे आतील भिंतीवर कोरलेले होते. तो शिलालेख १८८० साली सापडला व सध्या इस्तंबूल येथील संग्रहालयात आहे. सिराखाच्या ग्रंथातही हिज्कीयाने लोखंडाने खडक फोडून पाणी आणिल्याची वाखाणणी आहे. मात्र यशया संदेष्ट्याने त्या काळच्या यरुशलेमकरांना ठपका दिला होता, की तुम्ही तळी बांधिली, पण ज्याने हे सर्व योजिले त्याच्याकडे पाहिले नाही. प्रार्थना करणाऱ्याने कुदळ टाकू नये आणि कुदळ धरणाऱ्याने प्रार्थना सोडू नये.

शत्रूच्या सरदाराने तटाखाली उभे राहून, तटावरील सर्वांना कळावे म्हणून त्यांच्याच भाषेत परमेश्वराची निंदा केली. राजाज्ञेप्रमाणे लोक गप्प राहिले. मग धमकीचे पत्र आले. हिज्कीया ते घेऊन मंदिरात गेला आणि परमेश्वरापुढे उघडून पसरून ठेविले. सर्व पृथ्वीला कळावे की तूच एक देव आहेस, एवढ्यासाठी आम्हांस वाचीव, असे त्याने विनविले. शास्त्र सांगते, की त्याच रात्री देवाच्या दूताने अश्शूरच्या छावणीतील १,८५,००० लोकांस मारिले व सन्हेरीब माघारी गेला. त्याच्या लेखात यरुशलेम घेतल्याचा शब्द नाही. आपल्याही घरी अशी पत्रे येतात. कधी वैद्याची, कधी सावकाराची. ती प्रथम कोठे उघडावी, हे हिज्कीयाने दाखविले आहे.

त्याच सुमारास राजा मरणोन्मुख झाला. भिंतीकडे तोंड करून त्याने आसवे गाळिली. देवाने त्याचे आयुष्य पंधरा वर्षांनी वाढविले आणि त्याच्या गळवावर अंजिरांचा लेपही बांधविला.

येथवर ज्याचे पाऊल टिकले, तो आता घसरला. तो बरा झाल्याचे ऐकून बाबेलचे वकील भेटी घेऊन आले. राजाला धन्यता वाटली. ज्याने त्याला मरणातून काढिले त्याची थोरवी वर्णिण्याऐवजी त्याने भांडारातील सोने, रुपे, सुगंधी द्रव्ये व शस्त्रे दाखविली. यशयाने येऊन कळविले, की हे सर्व एके दिवशी बाबेलास जाईल आणि राजाचे वंशजही तेथे नेले जातील. त्यावर आपल्या हयातीत तर शांतता राहील, एवढ्याने राजाचे समाधान झाले. गर्वाबद्दल तो नमला, असे शास्त्रच सांगते. परंतु पुत्रपौत्रांसाठी त्याने पुन्हा भिंतीकडे तोंड करून आसवे गाळल्याचे कोठे सांगितलेले नाही.

त्याचा पुत्र मनश्शे बाराव्या वर्षी राजा झाला. हिशेब केला तर तो त्या वाढवून मिळालेल्या पंधरा वर्षांतच जन्मला होता. बापाने पाडलेल्या वेद्या त्याने पुन्हा उभारिल्या आणि आजोबाप्रमाणे पोर अग्नीत दिले. पुढे इ. स. पू. ५८७ च्या सुमारास बाबेलने यरुशलेम जाळिले.

बंधुभगिनींनो, हिज्कीया संकटात उभा राहिला आणि सुखाच्या दिवशी चुकला. ज्युबिली हा सुखाचा दिवस आहे. पाहुणे येतील, आपण त्यांना देऊळ, वेदी, घंटा दाखवू. ते योग्यच आहे. पण त्याबरोबर हे सर्व देणाऱ्याचे नाव आपल्या तोंडी असावे. आणि आपल्या हयातीपुरते देऊळ भरलेले आहे, एवढ्यावर आपण समाधान मानू नये. घरोघरी रोजरीची प्रार्थना चालते काय, मुलांना धर्मशिक्षण मिळते काय, हे आजच पाहिले पाहिजे. इमारत वारशाने मिळते. श्रद्धा मात्र प्रत्येक पिढीच्या हाती नव्याने द्यावी लागते.

देवाची दया मात्र मनुष्याच्या चुकीपाशी थांबत नाही. मनश्शेने उतारवयात पश्चात्ताप केला, आणि हिज्कीयाचा पणतू योशीया ह्याने धर्म पुन्हा उजळिला. संत मत्तयाने दिलेल्या प्रभू येशूच्या वंशावळीत हे तिघेही आहेत. ज्या शिलोहाच्या तळ्यात हिज्कीयाचे पाणी उतरत होते, तेथेच सुमारे सातशे वर्षांनी प्रभूने एका जन्मांधास धुवावयास पाठविले आणि तो डोळस होऊन आला. आपण आज खोदलेल्या पाटाचे पाणी पुढे कोणाचे डोळे उघडील, हे देवच जाणे. खोदण्याचे काम मात्र आपले आहे.